काजू कारखान्याचा हिशेब क्लाउडवर न्यावा का?

ताई, तुमचा प्रश्न मला असा समजला. वेंगुर्ल्याजवळ काजूचा कारखाना आहे, सीझनला आंब्याच्या पेट्यांच्या ऑर्डरी असतात आणि टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर ऑफिसातल्या एकाच कॉम्प्युटरवर आहे. सॉफ्टवेअरवाला म्हणतो सगळं क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर टाका. घरचे म्हणतात, आपला हिशेब परक्याच्या मशीनवर कशाला? माझं मत स्पष्ट आहे: न्या. मात्र खातं तुमच्याच नावावर हवं आणि एक प्रत कायम तुमच्या ताब्यात हवी.

मी चिपळुणात दुकानांचे कॉम्प्युटर सांभाळतो. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. पुढचे कित्येक दिवस माझ्यापुढे चिखलाने भरलेले सीपीयू येत होते. बॅकअप घेणारी माणसंही होती त्यात. पण त्यांची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खणात, त्याच पाण्याखाली! उधारी कोणाकडे किती, हे गिऱ्हाइकांना विचारून पुन्हा लिहावं लागलं. ज्यांचा हिशेब मुंबईतल्या सर्व्हरवर होता त्यांनी नातेवाइकांच्या लॅपटॉपवरून विम्याच्या दाव्यासाठी स्टॉकची यादी काढली. तुमचा कारखाना उंचावर असेल, पण वीज पडणं, चोरी आणि खारी हवा यांपासून कोकणातलं कुठलंच मशीन सुटत नाही.

आता धोके. क्लाउड म्हणजे शेवटी कुठेतरी उभी असलेली इमारत आणि त्यातली मशीनं. 10 मार्च 2021 ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक इमारत पूर्ण जळाली. ज्यांची दुसरीकडे प्रत नव्हती त्यांचा डेटा कायमचा गेला. काहींचा बॅकअपही त्याच आवारात होता, म्हणजे आमच्या बाजारपेठेतल्या खणाचीच गोष्ट. बहुतेक करारांत सर्व्हर चालू ठेवणं क्लाउड कंपनीकडे असतं. तुमच्या माणसाने चुकून हिशेबाचं फोल्डर उडवलं किंवा पासवर्ड कोणाच्या हाती लागला, तर ती जबाबदारी तुमची. म्हणून टॅलीचं डेटा फोल्डर रोज संध्याकाळी उतरवून घ्या. दर आठवड्याला एक प्रत हार्ड डिस्कवर काढा आणि ती डिस्क कारखान्यात न ठेवता घरी ठेवा. महिन्यातून एकदा त्या प्रतीवरून टॅलीत हिशेब उघडून बघा. न उघडून पाहिलेल्या बॅकअपवर मी विसंबत नाही.

दुसरा धोका मला जास्त मोठा वाटतो, कारण तो आपल्याकडे सर्रास दिसतो. खातं उघडताना विक्रेता स्वतःचाच ईमेल आणि मोबाइल नंबर टाकतो. सुरुवातीला सोपं वाटतं. पुढे बिलावरून वाद झाला की चावी त्याच्याकडे. जुलै 2025 मध्ये युरोपीय निर्बंधांमुळे मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जीची ईमेलसकट सेवा थांबवली. एवढी मोठी तेल कंपनी, तरी तिला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं, तेव्हा सेवा पुन्हा सुरू झाली. आपल्यासारख्यांना कोर्टाची पायरी परवडणार नाही. तेव्हा खातं कारखान्याच्या ईमेलवर उघडा. पासवर्डबरोबर ओटीपी किंवा ऑथेंटिकेटर ॲप (मोबाइलवर सतत बदलणारा कोड देणारं) लावा. ॲडमिनचा अधिकार घरातल्या दोघांकडे ठेवा. हिशेबनिसाला वेगळं लॉगिन द्या आणि तो सोडून गेला की त्याच दिवशी बंद करा. करार संपल्यावर डेटा कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत मिळेल, हे लेखी घ्या. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून 72 महिने जपावी लागतात. विक्रेता तेवढी वर्षं टिकेलच असं नाही.

नेटचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं. जून 2020 च्या निसर्ग वादळात दापोली, श्रीवर्धनकडे वीजही गेली आणि मोबाइल टॉवरही. अशा वेळी क्लाउडवरचा हिशेब सुरक्षित असतो, पण हाताला लागत नाही. फायबरसोबत दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला राउटर ठेवा आणि दोन्हींना इन्व्हर्टर द्या. आणि पावसाळ्यात एक छापील बिलबुक जवळ असू द्या, गाडी गेटवर उभी राहिली की त्यावर काम भागतं.

खर्चाबद्दल थोडंच. वापरावर आकारणी असेल तर मार्च ते मे जास्त वापरा, नंतर कमी करा, हा खरा फायदा. पण सर्व्हर बंद केला तरी त्याच्या डिस्कचं भाडं सहसा चालूच राहतं, हे पहिल्या बिलात कळतं. खर्चाची मर्यादा ओलांडली की सूचना येईल असं आधीच लावून घ्या.

तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल तर 2022 पासूनच्या नियमाप्रमाणे हिशेबाचा बॅकअप रोज भारतातल्या सर्व्हरवर असावा लागतो. ॲमेझॉन, गूगल, मायक्रोसॉफ्ट या सगळ्यांची डेटा सेंटरं महाराष्ट्रात आहेत, तेव्हा मुंबई किंवा पुणे निवडा. मालकीची किंवा भागीदारी फर्म असेल तर हा नियम लागू नाही, तरी निवड तीच ठेवा.

सगळं एकदम हलवू नका. आधी ऑर्डरींची नोंद न्या, पावसाळ्यात काम कमी असताना टॅली. पहिला महिना जुना कॉम्प्युटरही समांतर चालवा. तुमचं टॅलीचं लायसन्स सिल्व्हर (एकाच वापरकर्त्याचं) आहे की गोल्ड (अनेकांचं), आणि एका वेळी किती जण बसतात, एवढं इथे लिहा. मग कोणती सोय घ्यायची ते नेमकं सांगतो.