वाचकांचे प्रश्न : दाढेतल्या पेशी आणि जबड्याचं हाड

प्रश्न : माझी अक्कलदाढ काढायची आहे. तिच्या पल्पमधल्या (दाताच्या आतल्या मऊ गाभ्यातल्या) मूळ पेशींनी जबड्याचं झिजलेलं हाड भरून येतं म्हणतात. मग ग्रोथ फॅक्टर (पेशींना वाढायला, बदलायला सांगणारी प्रथिनं) कशाला लागतात?

उत्तर : पल्पमध्ये मूळ पेशी असतात हे खरं. पण नुसत्या पेशी हाडाच्या खड्ड्यात सोडल्या तर त्या जगत नाहीत. रक्तवाहिनीपासून प्राणवायू जेमतेम १०० ते २०० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पोचतो. त्यापलीकडच्या पेशी उपाशी मरतात. म्हणून पेशींना धरून ठेवणारा कोलॅजन या चिवट प्रथिनाचा स्पंज, नव्या रक्तवाहिन्या फुटवणारा व्हीईजीएफ आणि पेशींना हाडाकडे वळवणारा बीएमपी-२ हे ग्रोथ फॅक्टर अशी जोडणी करावी लागते.

खरी अडचण मात्रेची. प्रयोगशाळेतल्या पेशींना बीएमपी-२ साधारण ५० ते १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर पुरतं. रुग्णासाठीच्या स्पंजात मात्र ते १.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर असतं, म्हणजे किमान १५ हजार पट! कारण ते स्पंजातून भराभर पाझरून जातं. या लोंढ्यानेच सूज येते. मानेच्या मणक्यात वापरल्यावर घसा सुजून श्वास अडकल्याच्या तक्रारी आल्या आणि २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने (एफडीए) इशारा दिला. म्हणून औषध स्पंजाला नीट धरावं यासाठी स्पंज भिजवल्यावर किमान १५ मिनिटं थांबायचं असतं, आणि बसवताना तो दाबला गेला तर औषध आजूबाजूच्या मऊ भागात उतरतं.

इटलीत अक्कलदाढेच्या रिकाम्या खाचेत पल्पच्या पेशी स्पंजावर ठेवून पाहिल्या. हाड भरलं, पण तीन वर्षांनी तिथे नेहमीच्या जाळीदार हाडाऐवजी घट्ट हाड आढळलं. म्हणून या पेशींच्या भरवशावर आजचा उपचार लांबवू नका.

प्रश्न : पल्पच्या पेशी छान वाढतात, पण २१ दिवसांनी अलिझरिन रेडने (साठलेले कॅल्शियमचे क्षार लाल दाखवणाऱ्या रंगाने) रंगत नाहीत. काय चुकतं? (संशोधक विद्यार्थिनी)

उत्तर : आधी ॲस्कॉर्बिक ॲसिड (क जीवनसत्त्व) तपासा. साधं वापरत असाल तर ते माध्यमात (पेशी वाढवायच्या द्रवात) एक-दोन दिवसांत निकामी होतं आणि कोलॅजनची चौकटच उभी राहत नाही. ॲस्कॉर्बिक ॲसिड-२-फॉस्फेट घ्या, ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, आणि माध्यम दर दोन-तीन दिवसांनी बदला. वाढीसाठी एफजीएफ-२ हा ग्रोथ फॅक्टर घालत असाल तर हाड बनवायचं माध्यम सुरू करताना ते बंद करा. चालू राहिलं तर पेशी वाढतच राहतात, क्षार साठत नाहीत. पेशी तिसऱ्या ते पाचव्या पॅसेजच्याच (एका भांड्यातून नव्या भांड्यात हलवण्याच्या फेरीच्याच) घ्या.

दाढ फोडतानाही जपा. दात कापणाऱ्या बरवर पाणी कमी पडलं की उष्णतेने पल्प भाजतो, आणि उरलेल्या पेशी दिसायला जिवंत असल्या तरी सुस्त निघतात.

रंग आला तरी लगेच हुरळू नका. माध्यमात फॉस्फेट पुरवणारं बीटा-ग्लिसरोफॉस्फेट १० मिलिमोलर असेल तर काही वेळा क्षार नुसतेच खाली बसतात आणि तेही लाल दिसतात. शेजारी पेशी नसलेला एक कप्पा त्याच माध्यमावर ठेवा आणि सातव्या दिवशी अल्कलाइन फॉस्फटेजही (हाड बनवू लागलेल्या पेशींचं एन्झाइम) मोजा.