जुन्या बाईकचे टायर आणि रिम : दुकानात जायच्या आधी हे वाचा

दिवाळी जवळ आली की ताडपत्रीखालच्या जुन्या गाड्या बाहेर निघतात आणि माझ्याकडे टायरचे तेच ते प्रश्न येतात, फक्त गाव बदलतं. म्हणून यावेळी एकदमच उत्तरं देतोय.

सांगली : माझी १९७४ ची बुलेट आहे, दोन्ही चाकांना ३.२५-१९. दुकानदार म्हणतो हा साईज बंद झाला, ९०/९०-१९ घ्या. चालेल का?

चालेल. ३.२५ ही इंचातली रुंदी, ९०/९० मधला पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी आणि शेवटचा १९ म्हणजे रिमचा इंचातला व्यास, टायरची उंची जवळपास तेवढीच येते. पण साईज बंदबिंद काही झालेला नाही, त्याच्याकडे नाहीये एवढंच. आणि उद्या तो त्याहून रुंद १००/९० दाखवून "रुबाब येतो" म्हणाला तर आधी मागे चेनकव्हर आणि मडगार्डला किती जागा उरते ते मेकॅनिकला बघायला लावा.

कोल्हापूर : आजोबांच्या जावाला १६ इंची चाकं आहेत, टायर सहज मिळत नाही. १८ इंची रिम टाकू का?

नको. मूळ साईज ३.२५-१६ आहे, तो शोधा, मिळतो. जावाचे मडगार्ड खोल असतात, त्यात मोठं चाक मावत नाही, आणि मावलंच तरी मीटर खोटं बोलणार, काटा साठवर असेल तेव्हा गाडी पासष्टच्या वर असेल.

पुणे : जुन्या बाजारात ऐंशीच्या दशकातला न वापरलेला टायर मिळतोय, कागदी गुंडाळीसकट, वरचे रबरी काटेसुद्धा तसेच. विकणारा म्हणतो असं रबर आता येत नाही. रॅलीसाठी घेऊ का?

अहो नका हो घेऊ! "न्यू ओल्ड स्टॉक" या नावाखाली हा धंदा जोरात चाललाय आणि टायरच्या बाबतीत त्यासारखी फसवणूक नाही. जुना टँक, जुना हेडलाइट न वापरलेला मिळाला तर जरूर घ्या, पण टायर नुसता पडूनही खराब होतो. रबरात मेणासारखा एक पदार्थ घातलेला असतो, टायर रस्त्यावर फिरताना दबतो-सुटतो तसा तो पृष्ठभागावर येतो आणि हवेतल्या ओझोनपासून रबराला वाचवतो. गुंडाळून ठेवलेल्या टायरला ते संरक्षण नीट मिळतच नाही, म्हणजे चाळीस वर्षं पडलेला टायर वरून कोरा दिसतो आणि आतून वाळलेला असतो. रबर कडक झालं की ओल्या रस्त्यावर पकड जाते, आणि आतले दोऱ्यांचे थर सुटायला लागलेत की नाही हे बाहेरून कळत नाही, ते कळतं ते घाटात.

आता तारीख कशी बघायची, कारण हे दुकानदार कधीच आपणहून दाखवणार नाही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, समजा २३१८, तर तो २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यातला. तीनच आकडे दिसले तर टायर २००० च्या आधीचा, उचलू पण नका. एका बाजूला आकडे नसतील तर दुसरी बाजू बघा. आयएसआय शिक्का आणि आयएस १५६२७ हा नंबर बघा, आपल्याकडे टू-व्हीलरच्या टायरला तो लागतो. काळं पॉलिश मारून चकचकीत केलेला असेल तर फडक्याने पुसा, बाजू हाताने वाकवा, बारीक भेगा दिसतील. टायर कंपन्या साधारण असं सांगतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा झाली की नक्षी कितीही शिल्लक असली तरी काढा. आणि "माझा टायर गोटा झालेला नाही, अजून चालेल" म्हणणाऱ्यांनी ऐका, नियमात टू-व्हीलरला किमान ०.८ मिलिमीटर नक्षी सांगितलीय, पण ती झिजेची मर्यादा आहे, वयाची नाही.

फारच मोह होत असेल तर तो टायर गाडी स्टँडवर उभी असताना लावा, फोटो काढा. चालवताना त्याच साईजचा नवा टायर, नवी ट्यूब आणि नवी रिमपट्टी (स्पोकची टोकं ट्यूबला लागू नयेत म्हणून रिमवर बसवायची पट्टी). जुनी ट्यूब परत घालून पैसे वाचवणारे मला भेटतात, पुढे पंक्चरवाल्यालाही भेटतात.

नाशिक : स्पोकच्या रिमला आतून टेप मारून ट्यूबलेस करून देतो असं एक जण म्हणतोय.

करू नका. हवा स्पोकच्या भोकातून गळते हा अर्धाच मुद्दा. जुन्या रिमला टायरची कड धरून ठेवणारा उंचवटा आतून नसतो, हवा गेली की कड जागा सोडते आणि टायर रिमवरून उतरू शकतो. ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घालायची असेल तरी तो टायर बनवणारी कंपनी परवानगी देते का ते आधी विचारा.

मडगाव : समुद्राच्या हवेने रिम गंजलेत. क्रोम परत करून घेऊ की नवे घेऊ?

आतून बघा. ट्यूब बसते तिथे किंवा स्पोकच्या भोकांभोवती गंजाने खड्डे पडले असतील तर क्रोमचा विचार सोडा, कारण क्रोमच्या आधी घासाघाशीत अजून पत्रा जातो आणि वर चकाकी आली की आतलं कोणाला दिसत नाही. नवा घेताना भोकं मोजा, बुलेटला ४० असतात, जावाला ३६, आणि भोकांचा तिरपेपणा तुमच्या हबला (स्पोक जिथे अडकतात तो चाकाचा मधला भाग) जुळतो का ते दाखवून घ्या. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जुने स्पोक कापायच्या आधी रिम हबपासून कुठल्या बाजूला किती सरकलेला आहे ते मोजून लिहून ठेवायला सांगा. पुष्कळ जण आधी कापतात, मग अंदाजाने बांधतात आणि मागचं चाक चेनच्या सरळ रेषेत येतच नाही. असा आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढणारा जुना कारागीर गाठा, घाई करणाऱ्याकडे जाऊ नका.

ठाणे : पन्नास वर्षं झालेल्या गाडीला व्हीए नंबर (व्हिंटेज गाड्यांचा नोंदणी नंबर) घ्यायचाय आणि अलॉय पण टाकायचेत.

दोन्ही एकदम नको. २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणजे पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपातली गाडी, नोंदणी फी वीस हजार, आणि ती रोज ऑफिसला न्यायला मिळत नाही, प्रदर्शन-रॅली अशा कामांपुरतीच चालते. अलॉयमुळे "मूळ रूप" राहतं का हे तुमच्या आरटीओत विचारा, अलॉय विकणाऱ्याला नाही.

सातारा : रिब टायर (गोलाईभर सरळ रेघांची नक्षी असलेला) मागे टाकला तर?

नाही, तो पुढचाच. बसवताना बाणाची दिशा बघायला सांगा.