चामोय पिकल: आधी खार, मग काकडी

ताई, तुमच्या लेकीने व्हिडिओत बघितलेली ती लालभडक काकडी म्हणजे चामोय पिकल: चामोय या आंबट-गोड-तिखट मेक्सिकन सॉसमध्ये मुरवलेली खारातली काकडी. पुण्यात घरी जमेल का, असं विचारलंयत. जमेल, आणि सामान बहुतेक मंडईतच मिळेल. फक्त काही जण सुचवतात तसं केचपमध्ये चाट मसाला, लिंबू आणि लाल रंग कालवून करू नका. ती केचप लावलेली काकडी होते. लेक एक घास खाऊन बशी सरकवेल.

मी बारा वर्षं अमेरिकेत, टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत आहे. इथे बर्फाच्या गोळ्याच्या टपऱ्या असतात, गोळ्याला 'रास्पा' म्हणतात. त्याच टपरीवर आंबट काकडीही मिळते, कधी गोळ्यातच चिरून घातलेली. अख्खी काकडी चामोयमध्ये बुडवून लाल करायची, पोखरून आत चिप्स नि गोळ्या भरायच्या, हे सगळं मेक्सिकोच्या सीमेच्या या बाजूचं, अमेरिकेतलं, गेल्या काही वर्षांत व्हिडिओंमुळे पसरलेलं खूळ. चामोय मात्र अस्सल मेक्सिकोचा. तिकडे तो काकडीपेक्षा फळांवर घालतात: आंबा, जिकामा (हा करकरीत कंद), कलिंगड, वरून तिखट-मीठ-लिंबू. आपण शाळेबाहेर कैरीची फोड तिखटमिठात बुडवून खायचो ना, जिभेला तीच ओळख पटते.

आता मुद्दा. चामोयला सगळे सॉस म्हणतात, पण तो मुळात खार आहे. आंबट फळ मिठात घालायचं, त्याला सुटलेलं पाणी घ्यायचं, त्यात मिरची आणि गोडी घालायची. लोणच्याच्या बरणीत तळाशी साठतो तो खार, तसाच. शेजारच्या आजी मेक्सिकोतल्या मोंतेरेच्या आहेत. त्यांनी मला पहिल्यांदा चामोय नव्हे, 'सालादितो' दिला होता: मिठात सुकवलेला आलुबुखार. अर्ध्या लिंबात तो खुपसायचा आणि चोखायचा. डोळे मिटतात आपोआप. मिठात आलुबुखार मुरवायची ही रीत चिनी, आणि चामोय हे नावही तिकडूनच फिलिपिन्समार्गे आलं असं बहुतेक जण मानतात. 1565 ते 1815 अशी अडीचशे वर्षं फिलिपिन्समधल्या मनिलाहून मेक्सिकोतल्या अकापुल्कोपर्यंत स्पॅनिश गलबतं चालत होती. मेक्सिकोतल्या एका आंब्याचं नाव आजही 'मनिला' आहे. मिरची तिथून आपल्याकडे आली, आंबा आपल्या बाजूने तिकडे गेला, तेव्हा फिटंफाट.

आधी चामोय करा, तो दोन दिवस मुरला की उत्तम. बी काढलेले आंबटसर जर्दाळू 150 ग्रॅम, मूठभर काळ्या मनुका, वाळलेल्या लाल अंबाडीच्या बोंडांच्या पाकळ्या पाव वाटी. मेक्सिकोत यालाच 'हामाइका' म्हणतात, आणि खरा गडद लाल रंग यानेच येतो, बाटलीतल्या रंगाची गरज पडत नाही. 'हिबिस्कस टी' या नावाने पुडे मिळतात, पण काहींत चक्क जास्वंदीच्या पाकळ्या असतात. एक चावून बघा, दात आंबले तर अंबाडी. मिरची तिकडे 'आंचो' वापरतात, कमी तिखट आणि मनुकेसारख्या वासाची. आपल्याकडे ब्याडगी 4 घ्या, तिखट हवं तर एखादी संकेश्वरी. मिरच्या ओल्या फडक्याने नीट पुसा, देठ आणि बिया काढा. पुसायचं मी मुद्दाम सांगतेय. मिरची-चिंचेच्या आयात गोळ्यांत शिसं सापडल्यावर इथे बराच गदारोळ झाला होता आणि 2006 साली एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याने, मुलांच्या गोळ्यांसाठी शिशाची मर्यादा 0.1 पीपीएमवर (दहा लाख भागांत 0.1 भाग) आणली. मिरचीबरोबर आलेली माती हे त्याचं एक कारण होतं.

हे सगळं 3 वाट्या पाण्यात मंद आचेवर अर्धा तास शिजवा. जर्दाळू बोटाने सहज चेपला पाहिजे. त्यात अर्धी वाटी किसलेला गूळ (तिकडचा 'पिलोन्सियो' म्हणजे उसाचा गूळच की) आणि दीड चमचा मीठ घालून पाच मिनिटं उकळा. गार झाल्यावर मिक्सरमधून काढा, गाळा, आणि मग 3 लिंबांचा रस घाला. लिंबू गरम असताना घातलंत तर कडसर होतं. चव घेताना आधी आंबट, मग खारट, मग गोड आणि घशाशी तिखट असं यायला हवं. गोड आधी आलं तर आणखी एक लिंबू पिळा. पळीवरून जाडसर धार पडेल इतपत ठेवा. काचेच्या बाटलीत, फ्रीजमध्ये तीन आठवडे राहतो.

आता काकडी. इथेच बरेच लोक चुकतात, कारण साधी कच्ची काकडी घेतात. हवी शेपूच्या खारात आंबवलेली. दुकानात बरणी मिळते, पण 'स्वीट' लिहिलेली घेऊ नका. गंमत म्हणजे इथल्या बरण्यांवर मला कितीदा 'प्रॉडक्ट ऑफ इंडिया' वाचायला मिळतं! कर्नाटक, तमिळनाडू आणि आंध्रात ही छोटी काकडी, घेर्किन, निर्यातीसाठीच पिकवतात, आपल्या ताटात मात्र ती क्वचितच येते.

घरी करायची तर बोटभर लांबीच्या कोवळ्या, टणक काकड्या अर्धा किलो घ्या. फुलाकडचं टोक कापून टाका, तिथल्या विकरांनी काकडी मऊ पडते. 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 50 ग्रॅम खडेमीठ विरघळवा. बरणीत लसूण, मिरी, मोहरी, शेपूची जुडी आणि चमचाभर बाळंतशेपा. हो, बाळंतशेपा म्हणजे शेपूचंच बी, बाळंतिणीसाठी आणलेलं घरात असेल तर तेच. चिमूटभर चहापत्ती घातली की त्यातल्या तुरटपणाने काकडी करकरीत राहते. द्राक्षाचं पानही चालतं, पण बागेतलं, फवारलेलं नको. काकड्या पाण्याखाली राहतील असं वजन ठेवा, झाकण सैल. पुण्याच्या उन्हाळ्यात तीन-चार दिवसांत, थंडीत आठवडाभरात बुडबुडे येऊन पाणी गढूळ होतं, वास आंबूस पण स्वच्छ येतो. पांढरा पातळ थर काढून टाकायचा. रंगीत बुरशी किंवा कुजका वास आला तर अख्खी बरणी फेका, मोह नको.

पहिल्या खेपेला मी काकड्या खारातून काढून थेट चामोयमध्ये टाकल्या होत्या. दुसऱ्या दिवशी बरणीत गुलाबी पाणी, आणि वर फिकट काकड्या तरंगताहेत. काकडी गोड-खारट चामोयमध्ये पडली की आतलं पाणी सोडते. म्हणून आता आधी काकड्यांना सुरीच्या टोकाने चारपाच टोचे मारते, चाळणीत फ्रीजमध्ये रात्रभर निथळत ठेवते, कापडाने पुसते, मग चामोयमध्ये 24 तास. पाणी सुटलं तर तो चामोय ओतून ताजा घालते. स्टीलच्या डब्यात ठेवू नका. काचेची बरणी, आणि हात लाल व्हायचे नसतील तर चमचा.

पोखरायची असेल तर देठाकडून पातळ चकती कापा आणि चमच्याच्या दांड्याने मधला गर काढा, खालचं टोक शाबूत ठेवून. आत इथे तिखट-लिंबाच्या चिप्स, चिंचेची गोळी, काय काय कोंबतात. मला ते अति वाटतं. माझ्याकडे आत फक्त भाजलेले शेंगदाणे आणि लिंबाच्या रसात भिजवलेला कैरीचा कीस असतो, वर लाल तिखट, मीठ आणि वाळवलेल्या लिंबाच्या सालीची पूड. ताहीन नावाची तयार पूड मिळाली तर तीच वापरा, तिच्यात मिरची, मीठ आणि लिंबूच असतं. भरल्यावर लगेच खायची, दहा मिनिटांत शेंगदाणे मऊ पडतात. मिठाचं प्रमाण बघता लेकीला एका वेळी एकच द्या, आणि तिच्या हातातली फोड तिने शर्टाला पुसू नये एवढं बघा. अंबाडीचा डाग जात नाही.

उरलेला चामोय कैरीच्या फोडींवर घालून बघा. आमच्या घरी तर काकडीपेक्षा तोच प्रकार आधी संपतो.