हरणाऱ्या संघातला गोलकीपर

नमस्कार ताई,

मिशिगनमधल्या नोव्हायहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. लेक एनसीएए या अमेरिकेतल्या कॉलेज क्रीडा संघटनेच्या डिव्हिजन थ्री, म्हणजे तिसऱ्या गटातल्या, कॉलेजात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, आइस हॉकी संघाचा गोलकीपर. फेब्रुवारी उजाडला तरी संघाने 20 पैकी चारच सामने जिंकलेत आणि लेक फोनवर धड बोलत नाही. आता ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, नाव टाकायचं म्हणतो. तुमचे मिस्टर म्हणतात, हॉकी सोड आणि इंटर्नशिप बघ.

मोसम संपेपर्यंत यातलं काहीच ठरवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. पराभवांच्या माऱ्यात माणूस फक्त सुटका शोधतो. मात्र झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, वर्ग बुडत असतील, तर थांबू नका. कॉलेजच्या समुपदेशन केंद्रात याच आठवड्यात जायला सांगा.

आता पैशाचं. डिव्हिजन थ्रीत खेळासाठी स्कॉलरशिप देताच येत नाही. त्याला मिळणारी मदत गुणांवर किंवा तुमच्या उत्पन्नावर आहे, त्यामुळे हॉकी सोडली म्हणून ती जाणार नाही. कॉलेज सोडलं तर मात्र कॉलेजने दिलेली मदत तिथेच राहील आणि नव्या ठिकाणी सगळं पहिल्यापासून मागावं लागेल. शिवाय स्टॅटिक्स, थर्मोडायनॅमिक्सचे क्रेडिट धरले गेले नाहीत, तर एक सेमिस्टर सहज वाढतं. कोणते क्रेडिट धरणार, हे तिथल्या विभागाकडून लेखी घेतल्याशिवाय कॉलेज बदलू नये.

गोलकीपरच्या जागाही मुळात मोजक्या. सामन्याला दोघं-तिघं पॅड बांधून तयार असतात, पण खेळतो बहुधा एकच. त्यात 1 ऑगस्ट 2025 पासून कॅनडातल्या मेजर ज्युनिअर लीगच्या खेळाडूंना डिव्हिजन वन या सर्वांत वरच्या गटाची दारं उघडली. त्याचा रेटा खालच्या डिव्हिजनपर्यंत येणार, असं मला वाटतं.

म्हणून जागा शोधण्याआधी त्याने स्वतःचे आकडे नीट मांडावेत. समजा, एका रात्री त्याच्यावर 40 फटके आले, 36 त्याने अडवले आणि संघ 4-1 असा हरला. त्याचं सेव्ह पर्सेंटेज, म्हणजे अडवलेल्या फटक्यांचं प्रमाण, .900. त्याच रात्री दुसऱ्या एका सामन्यात तगड्या संघाच्या गोलकीपरने 18 पैकी 16 अडवले आणि तो जिंकला. त्याचं .889. प्रशिक्षक हा फरक बरोबर ओळखतात. प्रत्येक सामन्याच्या बॉक्स स्कोअरवरून, म्हणजे छापील आकडेवारीवरून, त्याला तक्ता करायला सांगा, तीनपैकी शेवटच्या पिरियडचे गोल वेगळे काढून. शेवटी शेवटी तो ढेपाळतो का, हेही त्यात दिसेल. आकडे खरंच कमी निघाले, तर कॉलेज बदलून ते वाढणार नाहीत, हे त्याला कळायलाच हवं.

तुमच्याच राज्यातलं लेक सुपिरिअर स्टेट विद्यापीठ बघा. 1988, 1992 आणि 1994 साली तिथला आइस हॉकी संघ राष्ट्रीय विजेता होता. 1996 नंतर एनसीएए स्पर्धेत पुन्हा खेळायला थेट 2021 उजाडलं. मधल्या वर्षांत तिथे खेळलेल्या मुलांच्या पदवीचं मोल त्यामुळे तसूभरही घटलं नाही. नोकरी देणारा संघाचा जय-पराजय विचारत बसत नाही.

मिस्टरांचा इंटर्नशिपचा आग्रह मला पटतो, पण त्यासाठी हॉकी सोडायची गरज नाही. डेट्रॉइटच्या परिसरातल्या मोठ्या कंपन्यांची भरती बरीचशी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या करिअर फेअरमध्ये होते, म्हणजे मोसम ऐन सुरू होताना. रेझ्युमे ऑगस्टमध्येच तयार हवा. या उन्हाळ्यासाठी लहान सप्लायर आणि रेफ्रिजरेशनची कामं करणाऱ्या कंपन्यांकडे आत्ता अर्ज करता येतील. तो ज्या बर्फावर उभा राहतो, तो जेमतेम इंचभर जाड असतो. खाली काँक्रीटमध्ये नळ्या, नळ्यांतून फिरणारं थंडगार खारं पाणी, आणि ते गार ठेवणारे कंप्रेसर. रिंकच्या मॅनेजरला विनंती करून ती प्लँट रूम त्याने एकदा नीट बघावी. थर्मोडायनॅमिक्स शिकणाऱ्या मुलाला मुलाखतीत बोलायला याहून चांगला विषय मिळणं अवघड आहे.

शनिवारी रात्री फोन केलात की "जिंकलात का?" हा पहिला प्रश्न नको. निकाल त्याच्या आवाजावरून कळतोच.

मोसम संपल्यावर मला त्यानेच लिहावं, तक्त्यासकट. तुमच्या पत्रात तुमचं म्हणणं आहे, मिस्टरांचं आहे. पुढची दोन वर्षं त्याला हॉकी खेळायची आहे का, हे मात्र कुठेच आलेलं नाही, आणि मला ते त्याच्याकडून ऐकायचं आहे.