मोठ्या कॉन्फिग फाईलमधून पाहिजे तेवढ्याच ओळी स्क्रिप्टनं कशा काढायच्या?

आधी एक काम करा, प्रश्नात कॉन्फिगचा (म्हणजे स्विचच्या सेटिंगच्या फाईलीचा) जो तुकडा चिकटवलाय तो एडिट करून त्यातली 'पासवर्ड ७' वाली ओळ काढून टाका. सिस्को कंपनीच्या स्विचवरचा हा टाईप ७ पासवर्ड म्हणजे कुलूप नव्हे, नुसती कडी लावलीय, उलटा करून मूळ पासवर्ड दाखवणारी पानं नेटवर ढिगानं आहेत. एसएनएमपी कम्युनिटीची ओळ, म्हणजे स्विचवर लांबनं नजर ठेवायचा परवलीचा शब्द, ती तर सरळ उघडीच आहे. काढली? मग आता बोलू.

तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की साठेक नेटवर्क स्विचच्या रनिंग कॉन्फिगच्या, म्हणजे सध्या चालू असलेल्या सेटिंगच्या, टेक्स्ट फाईली एका फोल्डरात आहेत, एकेक हजार-दीड हजार ओळींची, आणि त्यातनं तुम्हाला दोनच गोष्टी पाहिजेत, कुठले पोर्ट शटडाऊन (बंद केलेले) आहेत आणि कुठल्या पोर्टला डिस्क्रिप्शनच (ओळखीचं नाव) टाकलेलं नाही. ग्रेप, म्हणजे ओळी शोधायची कमांड, मारलं तर 'शटडाऊन, शटडाऊन, शटडाऊन' अशा तीनशे ओळी आल्या आणि कुठला शटडाऊन कुणाचा ते काय कळेना.

कळणार कसं? सातबाऱ्यावरनं 'ऊस, ४० आर' एवढीच ओळ फाडून आणली तर गट कुणाचा ते तलाठीसुद्धा सांगू शकणार नाही. ग्रेपचं नावच मुळी जुन्या एड एडिटरमधल्या एका कमांडवरनं पडलंय, जी म्हणजे ग्लोबल, आरई म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन (शोधायच्या अक्षरांचा नमुना), पी म्हणजे प्रिंट. केन थॉम्पसननं १९७३ च्या सुमारास ते वेगळं काढलं आणि तेव्हापासून ते एकच काम करतंय, एक ओळ बघायची, जुळली तर छापायची, नाही जुळली तर सोडायची. वरची ओळ काय होती याचं त्याला सोयरसुतक नाही. भडंगातले शेंगदाणे वेचायला उत्तम, पण शेंगदाणा कुठल्या पुडीतला होता ते विचारू नका.

बरं, मी हे मोबाईलवरनं लिहितोय आणि कीबोर्ड मराठीवर आहे, त्यामुळं कमांड बोलल्यासारख्या लिहितो, तुम्ही टाईप करताना इंग्रजीत करा. फाईल नीट बघा, असा एक तुकडा असतो:

इंटरफेस गिगाबिटइथरनेट १/०/१२
 डिस्क्रिप्शन काउंटर-३
 स्विचपोर्ट अ‍ॅक्सेस व्हीलॅन ४०
 स्विचपोर्ट मोड अ‍ॅक्सेस
 शटडाऊन
!

पहिली ओळ, म्हणजे पोर्टचं नाव, डाव्या कडेला चिकटून आहे आणि तिच्याखालच्या सगळ्या ओळी एक स्पेस आत आहेत. सगळा खेळ त्या एका स्पेसचा आहे. स्पेसनं सुरू होणारी ओळ ही वरच्या कडेच्या ओळीची, आणि कडेला चिकटलेली दुसरी कुठलीही ओळ आली, मग ते उद्गारचिन्ह असो नाहीतर पुढचा इंटरफेस, की त्या पोर्टचं घर संपलं. एवढं डोक्यात बसलं की स्क्रिप्ट चार ओळींची आहे.

बरेच जण इथं ग्रेपला डॅश कॅपिटल ए ५ देऊन खालच्या पाच ओळी मागवतात, नाहीतर डॅश कॅपिटल बी देऊन वरच्या. एका पोर्टसाठी नुसतं डोळ्यानं बघायला ठीक आहे. पण एखाद्या पोर्टखाली दोन ओळी असतात, एखाद्याखाली पोर्ट सिक्युरिटी आणि काय काय मिळून अकरा असतात, मग पाच म्हटलं की दोनवाल्याला शेजारच्याच्या ओळी चिकटतात आणि अकरावाल्याच्या सहा गायब होतात. साठ फाईलींवर हे करायचं म्हणजे नसतं दुखणं.

दुसरी लोकांची आवडती युक्ती म्हणजे रेंज, सेड किंवा ऑक ह्या मजकूर चाळायच्या कमांडांमध्ये दोन पॅटर्न कॉमानं जोडायचे, इथपासून तिथपर्यंत छाप म्हणून. ह्यात एक खोडी आहे. शेवटाचा पॅटर्न 'स्पेसनं सुरू न होणारी ओळ' असा दिला तर ऑक तो पहिल्याच ओळीवर पण तपासतो, इंटरफेसची ओळ स्वतःच स्पेसनं सुरू होत नाही, म्हणजे रेंज उघडली तिथंच मिटली आणि तुम्हाला नुसती इंटरफेसांची यादी मिळते. सेडमध्ये तसं होत नाही कारण तो शेवट पुढच्या ओळीपासनं शोधतो. एकच रेंज, दोन हत्यारं, दोन उत्तरं. मी तर रेंज वापरतच नाही.

मी काय करतो ते सांगतो. ऑक. १९७७ चं हत्यार आहे, आहो, वाइनबर्गर आणि कर्निहॅन या तिघांच्या आडनावाची पहिली अक्षरं घेऊन नाव पडलंय, आणि अजून त्याच्याइतकं हाताशी येणारं मला दुसरं काय मिळालेलं नाही. त्याला तीन नियम द्यायचे.

पहिला, ओळ 'इंटरफेस' शब्दानं सुरू होत असेल तर डॉलर शून्य, म्हणजे अख्खी ओळ, 'पोर्ट' नावाच्या व्हेरिएबलमध्ये ठेव आणि नेक्स्ट, म्हणजे बाकीचे नियम सोडून पुढच्या ओळीवर जा.
दुसरा, ओळ स्पेसनं सुरू होत नसेल तर 'पोर्ट' रिकामा कर.
तिसरा, 'पोर्ट' भरलेला असेल आणि ओळ बरोब्बर एक स्पेस आणि 'शटडाऊन' एवढीच असेल तर फाईलनेम आणि 'पोर्ट' छाप.

झालं. शेवटी स्टार डॉट टीएक्सटी द्या, साठच्या साठ फाईली चहा यायच्या आत होतात, चहा तर लांबच, एंटर दाबेपर्यंत होतात. पहिल्या नियमातलं नेक्स्ट विसरू नका, मी पहिल्यांदा विसरलो होतो. इंटरफेसची ओळ पहिल्या नियमानं पोर्टमध्ये ठेवली जायची आणि तीच ओळ स्पेसनं सुरू होत नाही म्हणून दुसरा नियम लगेच पोर्ट पुसून टाकायचा, आऊटपुट कोरं, आणि मी तासभर तिसऱ्या नियमात चूक शोधत बसलेलो.

आणि 'बरोब्बर एवढीच' म्हटलं ते का, तर सुरुवातीला कॅरेट ^ आणि शेवटी डॉलर $ (ओळ इथं सुरू, इथं संपली अशा खुणा) लावल्याशिवाय 'नो शटडाऊन' (म्हणजे पोर्ट चालू) पण 'शटडाऊन' मध्ये येतो, काही डिव्हाईस ती ओळ कॉन्फिगमध्ये दाखवतात. ह्या डॉलरपायी मी चांगला हात भाजून घेतलाय. मी सांगलीत एका संस्थेत नेटवर्क बघतो, जिल्हाभर शाखा आहेत. एकदा व्हीलॅन ४०, म्हणजे स्विचवर वेगळा पाडलेला एक नेटवर्क गट, त्यावरचे सगळे पोर्ट बंद करायचे होते. मी पॅटर्न दिला 'व्हीलॅन ४०', शेवटी डॉलर नाही. यादी आली, यादीवरनं कमांड तयार केल्या, शनिवारी दुपारी चढवल्या आणि डबा उघडला. पहिला घास घेतोय तोवर जतवरनं मॅनेजर साहेबांचा फोन, "अहो, काउंटरची सगळी मशीनं बसली की हो!" त्यांचा व्हीलॅन होता ४००. चाळीस शोधलं की चारशे पण सापडतं, चारशे एक पण सापडतं, ग्रेपला आकडा कळत नाही, त्याला नुसती अक्षरं दिसतात.

आयपीचं ह्याहून बेक्कार आहे. १०.१.१.१ शोधायला गेलात तर मधला प्रत्येक टिंब रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये 'कुठलंही एक अक्षर' असा धरला जातो, त्यामुळं १०.१.१.१० तर येतोच पण १०.१७१.१०.४ पण येतो, कागदावर लावून बघा, बसतोय. त्याला डॅश कॅपिटल एफ द्या म्हणजे टिंब तो टिंबच राहतो, आणि जोडीला डॅश डब्ल्यू द्या म्हणजे मागंपुढं आकडा चिकटलेला चालत नाही.

तर जतच्या प्रकारानंतर मी शहाणा झालो, सगळीकडं डॉलर लावायला लागलो. दुसऱ्याच आठवड्यात दुसऱ्या फोल्डरवर तीच स्क्रिप्ट चालवली, उत्तर शून्य. मी खूश, म्हटलं एकही पोर्ट राहिला नाही, साहेबांना तसं सांगूनही मोकळा झालो. कसलं काय. त्या फाईली विंडोजवरनं सेव्ह होऊन आलेल्या, तिथं प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा न दिसणारं अक्षर असतं, कॅरेज रिटर्न. डोळ्याला ओळ 'शटडाऊन' दिसते, पण डॉलरच्या आधी तो पाहुणा बसलेला असतो म्हणून जुळत नाही. कॅट डॅश कॅपिटल ए करून बघा, ओळीच्या शेवटी नुसता डॉलर दिसला तर फाईल स्वच्छ, त्याच्या आधी कॅरेट एम दिसला तर पाहुणा आहे. डॉसटूयुनिक्स मारा, नाहीतर ऑकमध्येच सगळ्यात वर एक नियम घालून तो पुसा. आता मी पुसायचा नियम कायमच ठेवतो, पाहुणा नसला तरी त्यानं बिघडत काय नाही. आणि पॉवरशेलमधनं बाणानं (>) आऊटपुट फाईलीत वळवलेलं असेल तर जुन्या पॉवरशेलमध्ये फाईल यूटीएफ-१६ ह्या वेगळ्या अक्षर-पद्धतीत बनते, तिथं ग्रेपला काहीच सापडत नाही, तिला आधी यूटीएफ-८ करून घ्यावं लागतं.

पुट्टीच्या (स्विचवर लॉगिन करायच्या प्रोग्रामच्या) लॉगमधनं फाईली बनवल्या असतील तर अजून एक, लॉगिन झाल्यावर आधी टर्मिनल लेंथ ०, म्हणजे पानापानाला थांबू नको, असं दिलेलं का? नसेल तर फाईलभर दर पानाला 'मोअर' आणि त्याच्यामागं बॅकस्पेसचा कचरा पडलेला असतो. त्या कचऱ्यानंतरची ओळ ना स्पेसनं सुरू होते ना 'इंटरफेस' नं, आणि माझे तिन्ही नियम आडवे पडतात. असल्या फाईली साफ करत बसण्यापेक्षा परत घ्या, खरंच सांगतो.

आता तुमचा दुसरा भाग, डिस्क्रिप्शन नसलेले पोर्ट. हा जरा वेगळा आहे, कारण जी ओळ नाहीच ती जुळणार कशाला? त्यामुळं निकाल घर संपल्यावरच लावायचा. पोर्ट सुरू झाला की 'आहे' नावाचं व्हेरिएबल शून्य करा, एक स्पेस आणि 'डिस्क्रिप्शन' अशी ओळ दिसली की त्याला एक करा, आणि कडेला चिकटलेली कुठलीही ओळ आली की आधी मागच्या पोर्टचा हिशोब करा, 'आहे' अजून शून्य असेल तर छापा, मगच नवा पोर्ट धरायचा का ते बघा. हिशोब आधी, नवीन भरती नंतर, हा क्रम उलटा झाला की हिशोब चुकीच्या पोर्टाच्या नावावर लागतो आणि यादी बघताना ते लवकर लक्षातपण येत नाही.

फाईलनेम पण पोर्ट धरताना सोबत साठवून ठेवा, छापायच्या वेळचं वापरू नका. का तर सिस्कोची पूर्ण कॉन्फिग 'एंड' ह्या ओळीनं संपते, पण बॅकअप घेताना मध्येच लिंक गेली असेल तर फाईल एखाद्या इंटरफेसच्या मधोमध तुटलेली असते, ते घर मिटलेलं नसतं आणि त्याचा हिशोब पुढच्या फाईलीच्या पहिल्या ओळीला होतो, म्हणजे विट्याचा पोर्ट आटपाडीच्या नावावर. यादीतली शेवटची फाईल तुटकी असेल तर तिच्यासाठी ऑकच्या एंड ब्लॉकमध्ये तोच हिशोब एकदा परत करा. खरं तर सगळ्यात आधी ग्रेप डॅश कॅपिटल एल नं कॅरेट 'एंड' शोधा, कॅपिटल एल म्हणजे ज्या फाईलीत ओळ सापडली नाही त्यांची नावं. माझ्याकडं पहिल्यांदा चालवलं तेव्हा सात फाईली निघाल्या, आणि आम्ही वर्षभर त्याला बॅकअप म्हणत होतो.

विंडोजवर असाल तर गिट बॅश टाका, ग्रेप, सेड, ऑक सगळं त्यात येतं. एकाच स्विचचं बघायचं असेल तर ह्यातलं काहीच नको, स्विचवरच शो रनिंग-कॉन्फिगला पाईप लावून सेक्शन द्या, तो अख्खं घर दाखवतो. आणि काम वाढत चाललं तर पायथनमध्ये सिस्कोकॉन्फपार्स म्हणून लायब्ररी आहे, ती आई-लेकरू नातं स्वतःच ओळखते. फोर्टीगेट फायरवॉलच्या कॉन्फिगला मात्र माझे नियम लावू नका, तिथं एडिट-नेक्स्ट आणि कॉन्फिग-एंड एकात एक घुसलेले असतात, एका व्हेरिएबलनं भागत नाही. फाईल जेसन फॉरमॅटची असेल तर जेक्यू ही कमांड वापरा.

आणि आऊटपुट चुकूनही त्याच फाईलीवर वळवू नका. बाण दिसला की शेल आधी ती फाईल रिकामी करतो आणि मग कमांड चालवतो, म्हणजे वाचायला काही उरतच नाही. मूळ फोल्डर कॉपी करून ठेवा आणि कॉपीवर काय खेळायचं ते खेळा.

यादी आली की लगेच साहेबांना पाठवू नका. ग्रेप डॅश सी नं कॅरेट 'इंटरफेस' मोजा, मग ऑकनं किती पोर्ट धरले तो आकडा छापून बघा, दोन्ही जुळले पाहिजेत. शिवाय तुम्हाला पाठ असलेले दोन पोर्ट, एक नक्की बंद असलेला आणि एक नक्की चालू असलेला, यादीत बरोबर जागी आहेत का ते बघा. नाही जुळलं तर कॅट डॅश कॅपिटल ए च्या पहिल्या वीस-पंचवीस ओळी इथं टाका, बघून सांगतो. पासवर्डची ओळ सोडून.