‘स्प्रिंग टाइड’ वसंतातली नव्हे

प्रश्न : भरतीच्या इंग्रजी तक्त्यात ऐन आश्विनातही ‘स्प्रिंग टाइड’ कशी? ‘टाइड’ला मराठीत नेमकं काय म्हणावं? (एक वाचक, हर्णै)

उत्तर : इथलं ‘स्प्रिंग’ उसळण्याचं आहे, ऋतूचं नाही. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येते. पाणी जास्त चढतं आणि ओहोटीला तितकंच खोल उतरतं. हे आपलं उधाण. अष्टमीच्या सुमाराची मंद भरती म्हणजे ‘नीप टाइड’, आपली भांगाची. दोन्हींचा जोर एक-दोन दिवस उशिराच दिसतो.

नुसत्या ‘टाइड’ला ‘भरती’ म्हणू नये. त्यात ओहोटी, म्हणजे आपली सुकतीही, येते. या शब्दाचा मूळ अर्थ ‘वेळ’, आणि तो चपखलच आहे. भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून तिथीला पाऊणने गुणायचं : चतुर्थीला साधारण ३ वाजता पूर्ण भरती. खाडीत आत पाणी उशिरा पोचतं, तिथे हा हिशेब फसतो. होडी काढायची तर तक्ताच बघा.

‘टाइड ओव्हर’ म्हणजे अडचण निभावून नेणं. त्सुनामीला मात्र ‘टायडल वेव्ह’ म्हणणं चूक. तिचा भरतीशी संबंध नाही.