उंच स्ट्रायकर आहे, पण गोल होत नाहीत

प्रश्न: मी कॉलेजच्या फुटबॉल संघाचा कर्णधार आहे. आम्ही ४-३-३ खेळतो, म्हणजे चार बचावपटू, मधे तीन आणि पुढे तीन. आमचा स्ट्रायकर चांगला उंच आहे, हेडर उत्तम मारतो, पण हल्ली त्याचे गोलच होत नाहीत. पुढच्या फळीत कडेनं खेळणाऱ्यांपैकी डावा विंगर उजव्या पायाचा आणि उजवा विंगर डाव्या पायाचा आहे. राखीव खेळाडूंत एक बुटका, अतिशय वेगवान मुलगा आहे. उंच मुलाला बसवावं, की ४-४-२ करावं?

उत्तर: विंगरांच्या पायांबद्दल तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण खरी गोम तिथेच आहे. असा विंगर चेंडू घेऊन आत वळतो आणि स्वतःच गोलवर मारतो. शेवटच्या रेषेपर्यंत जाऊन क्रॉस टाकणं, म्हणजे कडेवरून गोलसमोर चेंडू उचलून देणं, त्याला अवघड जातं. मग उंच मुलानं हेडर मारायचा तरी कशावर? त्याला बसवण्याआधी विंगरांच्या बाजू बदलून पाहा.

बाजू बदलायच्या नसतील, तर त्याच्याकडून वेगळं काम घ्या. सेंटर-बॅकला, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या मधल्या बचावपटूला, पाठीवर घेऊन त्यानं चेंडू थोपवायचा आणि आत धावणाऱ्या विंगरला एका टचमध्ये द्यायचा. २०१८च्या विश्वचषकात फ्रान्सचा स्ट्रायकर जिरू यानं एकही गोल केला नाही. तरी प्रशिक्षक देशाँ यांनी त्याला अंतिम सामन्यातही पहिल्या मिनिटापासून खेळवलं. त्याचे साथीदार एम्बापे आणि ग्रीझमन यांनी प्रत्येकी ४ गोल केले आणि फ्रान्स जगज्जेता झाला. नुसते गोल मोजून स्ट्रायकरला नावं ठेवणं मला अन्यायाचं वाटतं, आणि तुमच्या मुलावर तो होऊ नये असं मनापासून वाटतं.

आता ४-४-२. उंच मुलानं डोक्यानं खाली सोडलेला चेंडू आणि त्यावर झेपावणारा वेगवान साथीदार, ही जोडी मला फार आवडते. पण तिची किंमत मधल्या फळीला मोजावी लागते. कडेचे दोघे सोडले तर मध्यभागी दोघेच उरतात आणि समोर तीन असले की त्यांची दमछाक होते. लेस्टर सिटीनं २०१५-१६ मध्ये बहुतेक याच रचनेत खेळून इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकली. त्यांचा स्ट्रायकर वार्डी याचे २४ गोल सगळ्यांना आठवतात. पण त्याच्या जोडीचा ओकाझाकी सतत मागे येऊन चेंडूसाठी झगडत होता आणि मध्यभागी कांटे अक्षरशः दोघांचं काम करत होता. असे दोघे तुमच्याकडे आहेत का? नसतील तर ४-३-३ मोडू नका.

वेगवान मुलाला एकट्याला पुढे ठेवायचं, तर प्रतिस्पर्ध्यांच्या बचावफळीमागे मोकळी जागा हवी. ते खाली दाटीनं बसले तर त्याचा वेग वाया जातो. तुम्ही आघाडीवर असताना, बरोबरीसाठी ते वर चढू लागले की त्याला उतरवा.

पुढच्या सामन्यात एका राखीव खेळाडूला वही-पेन द्या. उंच मुलाला चेंडू कुठे मिळतो, पायात मिळतो की डोक्यावर, आणि त्या क्षणी जवळचा साथीदार किती लांब असतो, एवढंच त्यानं टिपायचं. ती पानं मला पाठवा, मग फॉर्मेशनचं बोलू.